उजवा ब्रेक

मी मुळातच संशयी. पेट्रोल भरताना मीटरवरची नजर हलवत नाही. त्यामुळे सायकलचा उजवा ब्रेक लिव्हर आतल्या बाजूला फिरलेला दिसला, तेव्हा पहिला आठवला तो चुलतभाऊ. राहू गावच्या सायकल शर्यतीत माझ्यासारखा तोही उतरणार होता.

माझी सायकल सायक्लोक्रॉसची. ढेकळांतून, चिखलातून हाणायची, चढ दमवायला लागला की खांद्यावर टाकून पळायचं. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं वळलेलं. लिव्हर मी मुद्दाम जरा वर, अगदी सरळ बसवलेले, उतारावर बोटं पटकन पोचावीत म्हणून. उजवा पुढच्या चाकाचा. ऐन वेळी त्यानं दगा दिला तर दात हातात यायचे.

सरळ करून घट्ट आवळला. दोन दिवसांनी परत आत. चुलतभावाला विचारलं तर म्हणाला, "मला काय कामं न्हाईत व्हय?" आणि हसला. हसला म्हणजे पाणी नक्की मुरत होतं. मग बायकोच्या नेलपॉलिशनं लिव्हरपासून हँडलपर्यंत एक रेघ ओढली. ती मोडली, तेव्हा तर माझं डोकंच फिरलं.

आप्पांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. रोज सकाळी मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन ते डेअरीला जातात. मागच्या आठवड्यात गाडी फाटकावर धडकली होती. कुत्रं आडवं आलं म्हणाले. माझं ऐकून म्हणाले, "पोरंबिरं खेळत असतील." आमच्या घरात पोरं कुठं आहेत? मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी कडब्याच्या गंजीमागं दबा धरून बसलो. आज चुलतभावाचं बखोट धरायचंच.

आले ते आप्पा. इकडंतिकडं बघितलं, उजव्या हातानं लिव्हर दाबला. बोटं मिटेनात. वरून डावा हात लावला, सगळा जोर दिला, तेव्हा लिव्हर हलला आणि आत फिरला. मोटारसायकलचाही पुढचा ब्रेक उजव्याच हातात असतो. माझा राग कुठल्या कुठं गेला. फाटकावर कुत्रं आडवं आलंच नव्हतं.

मी समोर गेलो. ते दचकले, मग म्हणाले, "तुझा बिरेक लय कडक हाय रं."

तो ब्रेक मी एका बोटानं दाबतो.

"व्हय आप्पा, कडकच हाय," मी म्हणालो, आणि गाडीच्या किल्लीसाठी हात पुढं केला.

उजव्या खिशातली किल्ली आप्पांनी डाव्या हातानं काढून दिली.