ताईचा हात आणि गहाळ नोंदी

तो यंत्रांची थरथर मोजायचा. पोटापाण्याचा धंदाच तो. कारखान्यातल्या पंपाला, पंख्याला सेन्सर चिकटवायचा आणि आकडे पाहून यंत्राचं दुखणं सांगायचं.

त्याची थोरली बहीण घरी शिवणकाम करायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचं मोठं केलं, त्यामुळे पन्नाशी गाठली तरी तो तिला उलटून बोलत नसे. अलीकडे ताईच्या शिलाया वाकड्या येत होत्या. एका गिऱ्हाइकाने कॉलर परत पाठवली.

"मशीन थरथरतंय," ताई म्हणाली.

मशीन लोण्यासारखं चालत होतं. ताईचा उजवा हात मात्र मांडीवर नुसता ठेवलेला असतानाही हलत होता. त्याने ते पाहिलं, पण बोलायला जीभ रेटेना.

"मोजून बघू," तो म्हणाला.

साहेबांना विचारून त्याने काडेपेटीएवढा बोर्ड घरी आणला. त्यावर सेन्सर होता आणि नोंदी साठवायला मेमरी कार्ड. इलॅस्टिकने तो ताईच्या मनगटाला बांधला. सेकंदाला शंभर, म्हणजे मिनिटाला सहा हजार नोंदी यायला हव्या होत्या. आल्या चार हजार.

त्याने प्रोग्रॅम उघडला. वाच, लिही, दहा मिलिसेकंद थांब, असं त्यानेच लिहिलं होतं. वाचण्या-लिहिण्याचा वेळ हिशेबात धरलाच नव्हता.

"म्हणजे काय?" ताईने विचारलं.

"दर तासाला चहा प्यायचा ठरवलास, पण चहा करून, पिऊन, कप विसळून झाल्यावर पुढचा तास मोजायला लागलीस, तर दिवसाचे चहा कमी भरणारच."

"कप मी लगेच विसळते, हे खरं आहे," ताई म्हणाली.

त्याने वेळेची जबाबदारी बोर्डावरच्या टायमरकडे दिली. नोंदी वाढल्या, तरी मधे मधे खिंडारं राहिली. प्रत्येक नोंदीला वेळ चिकटवल्यावर गोम कळली. कार्ड अधूनमधून साठवणीसाठी अडून बसायचं आणि तेवढ्या वेळातल्या नोंदी वाऱ्यावर जायच्या.

प्रत्येक चाचणीला ताईला हात मांडीवर टाकून बसावं लागे. रिकामं बसायची तिला सवय नव्हती, म्हणून ती बोलू लागली. चहा आता अर्धाच कप ओतते, म्हणाली. जिन्यात कुणी भेटलं की हात पदराखाली घेते, असंही म्हणाली. त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर हटवली नाही. प्रत्येक नवा दोष सापडला की त्याला बरं वाटत होतं. आकडे चुकीचे आहेत तोवर ताईला काही झालेलं नव्हतं.

शेवटी नोंदी आधी बोर्डाच्या स्वतःच्या मेमरीत गोळा करून गठ्ठ्याने कार्डावर टाकायच्या, आणि ते चालू असताना वाचन थांबू द्यायचं नाही, अशी सोय त्याने केली. सहा हजार नोंदी आल्या, सगळ्या सारख्या अंतरावर. मशीन बंद होतं, हात मांडीवर होता, आणि पडद्यावर सेकंदाला पाच या चालीने स्वच्छ लाट उमटली होती. मशीनची थरथर याच्या कितीतरी पट जलद, तीही चालू असेल तेव्हाच.

त्याने नोंदी पुन्हा एकदा मोजल्या.

"आता बरोबर आलं?" ताईने विचारलं.

"आलं."

"मशीनचं काही नाही ना?"

"नाही."

"मग हाताचंच बघायला हवं," असं म्हणत तिने इलॅस्टिक सोडायला घेतलं. जमेना, तेव्हा मनगट त्याच्यापुढे धरलं.

डॉक्टरांकडे त्याने आलेख छापून नेला. डॉक्टरांनी ताईला दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगितले, थोडं चालायला लावलं, अंगठ्यावर बोट टपटप टेकवायला लावलं आणि आजाराचं नाव सांगितलं. भाऊ-बहीण निघताना डॉक्टरांचं टेबलावरच्या आलेखाकडे लक्ष गेलं.

"छान काढलाय," ते म्हणाले.

गोळ्यांनी थरथर कमी झाली, गेली नाही. ताईने कॉलरची कामं सोडून खिडक्यांचे पडदे शिवायला घेतले. शिलाई जरा हलली तरी चुण्यांत लपून जाते. बारीक काम आलंच तर सुट्टीच्या दिवशी भाऊ बसतो. बटणांची काजं त्याला अजिबात जमत नाहीत. ताई ती उसवून ठेवते आणि नवा दोरा ओवायला सुई त्याच्याकडेच देते.