जनीकाकी, ब्राझील आणि अंकिताची हळद

कामोठे गावात जनीकाकी म्हटलं की लोकांना दोन गोष्टी आठवतात. एक तिचा आवाज, दुसरं ब्राझील. आवाजाचं समजू शकतं, कारण काकी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीनं धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन देवांना आवतण दिल्याशिवाय हळद लागत नाही. पण ब्राझील? साठी उलटलेली, लुगडं नेसणारी, मिश्री लावणारी बाई, आणि ऑफसाइडवरून नातवंडांच्या वयाच्या पोरांशी हमरीतुमरीवर येते. काय बोलायचं आता.

याला कारण तिचा नवरा दीनानाथ. तळोज्याला कंपनीत होता, तेव्हा बोनसमधून आळीतला पहिला रंगीत टीव्ही घेऊन आला आणि स्वतः मात्र जेवला की घोरायला लागला. फुटबॉलचा वर्ल्डकप आला, आळीतली पोरं टीव्हीसमोर ठाण मांडून बसली. त्यांना हाकलायला म्हणून काकी गेली, ती तिथेच बसली. पिवळे कपडेवाले तिला आवडले. "हलद लावून आल्यासारखे दिसतान," म्हणाली, आणि तेव्हापासून पक्ष बदललेला नाही. नवरा तरी कुठे बदलला म्हणा.

त्या वर्षी वर्ल्डकप कतारला होता, ऐन डिसेंबरात. संध्याकाळी काकी ओट्यावर वाल सोलायला बसली की दीपेश आणि मितेश हजर. दोघं चुलतभाऊ. दीपेश ब्राझीलचा, आणि मितेश काकीला चिडवायला मिळेल त्या टीमचा.

"काकी, ग्रुपमधली शेवटची मॅच हरले तुझे," मितेशनं सुरुवात केली.

"हरू दे. ग्रुप म्हंजे साखरपुडा. रुसले, फुगले, परत जमतं. नॉकआऊट म्हंजे हलद. एकदा अंगाला लागली की मागं फिरायचं नाय."

"आणि कोरियाला चार घातले ते बोल ना," दीपेश म्हणाला.

"कोरियाचं सोड," मितेश म्हणाला. "आता क्रोएशिया हाय. ते पळवत नायत, दमवतात. पेनल्टीपर्यंत नेतात, आणि तिथं त्यांचा गोलकीपर भिंतीसारखा उभा."

पेनल्टीचं नाव निघालं तशी काकीनं हातातला वाल तसाच धरला. "पेनल्टी म्हंजे सासरच्या बायकांनी नाव घ्यायला लावावं, तसं हाय बघ. घरात धडाधडा बोलणारी पोरगी, पण चारचौघींत उभी केली की तिची दातखीळ बसते."

"तुझी बसलेली?" मितेशनं विचारलं.

"माझी? मी नाव घेतलं ते तुझा काका आजून विसरला नाय. म्हणून तं लवकर झोपतो."

पोरं हसली. काकी हसली नाही. तिच्या डोक्यात त्या दिवशी दुसरीच मॅच चालू होती.

झालं होतं असं की धवळा एकटीनं म्हणता येत नाही. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती मागं धरायची. दुसरी धरते तेवढ्यात पहिलीनं श्वास घ्यायचा आणि पुढची ओळ आठवायची. काकीच्या मागं इतकी वर्षं तिची नणंद चिंगी होती. चिंगीचे गुडघे गेले आणि ती उरणला लेकीकडे राहायला गेली. तेव्हापासून काकी म्हणजे विंगरशिवायचा स्ट्रायकर. आणि नेमकी भरतच्या लेकीची, अंकिताची हळद तोंडावर आलेली.

भरत गावातला मोठा माणूस. जमिनीचे पैसे आले, बिल्डर झाला, गळ्यात चेन आली. त्याच्या मांडवात जे होईल ते पुढच्या लग्नसराईत गावभर होणार. त्याच्याकडे घोडा आला, सगळ्यांकडे घोडा आला.

"काकी, राग नको मानूस," तो म्हणाला. "तुझी जोडीदारीण नाय. मधेच आवाज अडकला तं पावन्यांत शोभा. डीजेवाल्याकडे पेनड्राइव्हवर धवळे हायत. ते लावू. तुझी साडी, तुझा मान तुला घरपोच."

"मागं धरनारी आनली तं?"

"तं तूच म्हन. शुक्रवारी हलद हाय."

म्हणजे शुक्रवारी हरली तर काकी बाहेर. पेनड्राइव्ह एकदा मांडवात शिरला की तो काही परत जात नाही, हे तिला कळत होतं.

ती घरोघर फिरली. मोनालीचा घसा बसलेला, रोहिणीला रील करायचं होतं पण म्हणायचं नव्हतं. शेवटी तिनं आपल्याच सुनेला विचारलं. निशा बेलापूरला कॉम्प्युटरच्या कंपनीत, मूळची नवीन पनवेलची, बोलणं एकदम पुस्तकी.

"आई, मला लाज वाटते हो. माझ्या उच्चारांना हसतील सगळे."

काकीनं विषय सोडला. पण सून भाकऱ्या थापताना काय गुणगुणते, ते तिनं इतकी वर्षं ऐकलं होतं. बोलली असती तर गुणगुणणंही बंद झालं असतं.

शुक्रवार उजाडला, आणि शुक्रवारीच ब्राझीलची क्वार्टर फायनल. देवाला हे असलं बरं सुचतं.

भरतच्या मांडवात भला मोठा एलईडी स्क्रीन. हळद म्हणून झाडून सगळे पिवळ्यात. पिवळे कुर्ते, पिवळ्या साड्या, भरतच्या पोटावर ताणलेला पिवळा झब्बा. काकीला वाटलं आपण स्टेडियममध्येच आलो. डीजे बंद, मॅच चालू, आणि नवरी सगळ्यांत पुढे खुर्चीवर. अंकिता पण ब्राझीलचीच. "पप्पा, मॅच झाल्याशिवाय मी पाटावर बसणार नाय," तिनं सांगून टाकलेलं.

दीपेश ओरडायचा, "ब्राझील!" पोरं मागून ओरडायची, "ब्राझील!" पुन्हा हा, पुन्हा ते. मितेश एकटाच चौकड्यांचा टीशर्ट घालून क्रोएशियाच्या बाजूनं बसलेला, आणि बायका त्याला वड्याच्या ताटातून वगळत होत्या.

नव्वद मिनिटं झाली तरी गोल नाही. एक्स्ट्रा टाइमच्या आधी खेळाडू पाणी प्यायला लागले तसा भरत उठला. "अंकिता, आता बस पाटावर, हलद तरी लावून घेऊ. डीजे, लाव रे पेनड्राइव्ह."

डीजेवाला स्क्रीनच्या वायरीतून लॅपटॉपकडे वळेपर्यंत काकीनं माइक उचलला. विचार केला नाही. विचार केला असता तर उचललाच नसता.

"मांडवाचे दारी गो, हिरवी मेढ रोवली..."

ओळ गेली आणि मांडवात एकटीच उभी राहिली. मागं कुणी नाही. भरतनं मान खाली घातली. काकीला श्वास पुरेना. तिनं तीच ओळ पुन्हा टाकली, आणि नजर नेमकी दीपेशवर गेली. तो बिचारा दीड तास ओळीमागं ओळ ओरडत बसलेला. सवयीनं त्याचं तोंड उघडलं.

"मांडवाचे दारी गो, हिरवी मेढ रोवली!"

पोरांनी पण धरली. पंचवीसेक पोरं, एकाचा सूर दुसऱ्याला ओळखत नव्हता. धवळा पुरुषांनी म्हणायचा नसतो, आणि असा तर कुणीच म्हणायचा नसतो. म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"गावदेवी माऊली गो, हलदीला बोलावली..."

पोरं पुन्हा रेकली, तशी निशा हळदीची वाटी ठेवून तरातरा पुढे आली. "अहो, काय हे. 'माऊली'वर खाली यायचं असतं, तुम्ही वर काय चढताय? सरका." आणि तिनं ती ओळ धरली. अगदी चिंगीसारखी, जिथं वळायचं तिथं वळून. उच्चार पुस्तकीच होता. कुणी हसलं नाही.

काकीनं श्वास घेतला. पुढची ओळ आठवली. मग त्याच्या पुढचीही आठवली. अंकिताला हळद लागली तेव्हा स्क्रीनवर एक्स्ट्रा टाइम चालू होता आणि बघत कुणीच नव्हतं, मितेश सोडून.

नंतर ब्राझीलनं गोल मारला, मांडव उसळला. नंतर क्रोएशियानं फेडला. मग पेनल्टी, आणि ब्राझीलचा शेवटचा बॉल पोस्टला लागला. दीपेश हळदीच्या हातांनी डोळे पुसायला गेला, म्हणून जास्तच रडला.

"बोललो नव्हतो?" मितेश म्हणाला. "दमवतात ते."

"बोललास बाबा. आता वडा खा, गप बस." काकीनं स्वतः ताट पुढे केलं.

भरत पेनड्राइव्ह हातात घेऊन आला. "काकी, हा डीजेवाल्याला परत देतो. तळोज्याचे आपले पावने विचारतायत, त्यांच्या जगनच्या हलदीला येशील का. पुढच्या रविवारी."

काकीचा चेहरा पडला. "रविवारी? फायनल हाय रविवारी."

"साडेआठला आहे फायनल," निशा हात धुताधुता म्हणाली. "आपण सहाला उभं राहू, आई. पण मला ते पाच देवांचं आवतण नीट येत नाही. उद्या भाकऱ्या करताना घोटून घ्या माझ्याकडून."

"घेते. पन फायनलला तू कुनाकडून?"

"अजून ठरवलं नाही."

"ठरव तं," काकी म्हणाली. "माझ्या मागं उभं रहायचं तं पक्ष पायजे."