पाल्याची आरण

कोंडाजीनाना आरणीत कोपरापर्यंत हात घालत, बाहेर काढून हुंगत आणि मगच बोलत. आरण म्हणजे झाडाच्या सावलीत रचलेला, पाल्याने झाकलेला बटाट्यांचा ढीग. नव्वदच्या दशकात आमच्या अवसरी बुद्रुकमध्ये बऱ्याच घरांचा बटाटा उन्हाळाभर असाच टिके. नाना आमचे शेजारी. आरण कुणाचीही असो, पाला त्यांच्या हातचा लागे. खाली-वर कडुनिंब, कडेने निर्गुडी. जिच्या अळ्या बटाटा पोखरतात ती पाकोळी त्या वासाने फिरकत नसे. नाना म्हणत, "पाला पाकोळीला जा म्हनतो, वाऱ्याला ये म्हनतो."

एका वैशाखात वडिलांचं मंचरला ऑपरेशन झालं आणि आरण माझ्यावर आली. आमचं सगळं पीक तिच्यात होतं. वळवाचे ढग दिसताच मी तिच्यावर प्लास्टिकचा कागद ताणला, कडेने दगड ठेवले आणि पुण्याला कामावर गेलो. चौथ्या दिवशी परतलो. पाऊस पडलाच नव्हता, तरी कागदाच्या आतून पाणी ओघळत होतं. नाना शेजारी उभे होते.

त्यांनी हात घातला, हुंगला. "घाम आलाय तिला. बटाटा जित्ता असतो, राव. तू त्याचं नाक दाबलंस."

अंधार पडेपर्यंत आम्ही ढीग उपसला. नरम बटाटे वेगळे काढले, बाकीचे वाऱ्यावर सुकवले, ताजा पाला तोडून पुन्हा थर लावले. आठ दिवस हात लावायचा नाही, असं नानांनी मला बजावलं. स्वतः मात्र रोज सकाळी येऊन हुंगून जात. दवाखान्यात वडील रोज आरणीचीच चौकशी करत. बरी आहे, असं मी सांगत राहिलो.

नवव्या दिवशी वडील घरी आले ते थेट आरणीकडे. नानांनी हात घातला, हुंगला आणि माझ्या नाकापुढे धरला. कडुनिंबाचा कोरडा, कडू वास. सडका अजिबात नाही.

वडिलांना बाजूला पडलेला कागद दिसला. हा कुणी घातला, त्यांनी विचारलं.

"म्या," नाना म्हणाले. "चार पाट्या बटाटा सडला. म्हातारपण, दुसरं काय."

पुढे कित्येक वर्षं वडील पारावर त्यांची थट्टा करत. पाल्याच्या मास्तरने प्लास्टिक घातलं म्हणत. नानाही हसत.

दोन हजारनंतर काही वर्षांनी नाना गेले. त्यांना पोचवून परतताना मी वडिलांना सांगितलं, कागद माझा होता.

"ठावं हाये," वडील म्हणाले. "नाना कवा प्लास्टिकला हात लावायचा का?"