अर्धा फेरा

साठ सालाच्या आसपास, बेंगळूरच्या कारखान्यात, माझ्या शेजारच्या बाकड्यावर एक फिटर होते. आम्ही त्यांना नुसतं अण्णा म्हणायचो. मशीनच्या पेटीचं लांबट झाकण तयार झालं की अण्णा ते पेटीच्या चार खुंट्यांवर बसवत, उचलत, अर्धा फेरा देऊन पुन्हा बसवत. दोन्ही वेळा झाकणाची भोकं खुंट्यांवर अलगद उतरली पाहिजेत. जेवणाच्या डब्याचं झाकणसुद्धा ते असंच फिरवून लावत!

एकदा परदेशी पाहुणे यायचे होते. त्यांना दाखवायचं झाकण अण्णांनीच केलेलं, वर तपासनिसाचा शिक्का. साहेब ते न्यायला आले.

"स्वल्प थांबा, साहेब," म्हणत अण्णांनी झाकण फिरवून बसवलं. एक भोक अडलं.

"अहो, सरळ बसतंय ना? पाहुणे कशाला फिरवून बघतात?"

"सरळ बसवलं की चूक लपते, साहेब. अर्ध्या फेऱ्यात केसभराची दोन केसांची होऊन दिसते."

आणि स्वतःच्याच झाकणावर त्यांनी खडूने फुली मारली. साहेब रिकाम्या हाताने परतले.

तोवर कुठे काम करतोस असं कुणी विचारलं तर मी कारखान्याचं नाव सांगायचो. त्या दिवसापासून सांगू लागलो, "अण्णांच्या शेजारच्या बाकड्यावर असतो मी."