सुतळीरावांची कॅमेऱ्याची गाडी

नाटक संपलं की प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातात, नटमंडळी आरशासमोर बसून तोंडं पुसतात, आणि त्याच वेळी पडद्यामागे कोणीतरी राजवाडा पाडत असतं. आमचे राजवाडे सुतळीराव पाडायचे. बारा मिनिटांत. खांब, कमानी, झुंबर, सगळं ट्रकमध्ये. मी मुकुट उतरवेपर्यंत माझं राज्य गेलेलं असायचं.

ही सगळी करामत त्यांच्या गाठीची. खिशात कायम सुतळीचं बंडल, म्हणून त्यांचं नाव सुतळीराव पडलं. ते गाठ अशी मारत की प्रयोगभर तिला कितीही हिसके बसले तरी ती हलत नसे, आणि मोकळं सोडलेलं टोक ओढलं की एका ओढीत सुटत असे. खिळ्यांचा त्यांना भारी तिटकारा. "ताई, आज ठोकलं की उद्या उपटताना रडायचं. आपल्या धंद्यात कायमचं काही नसतं," असं म्हणायचे.

त्यांची बायको आमच्या नाटक कंपनीचे कपडे शिवायची. आमच्या वहिनी. माझ्या कमरेचं खरं माप फक्त त्यांना ठाऊक होतं आणि तीस वर्षांत त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. यापेक्षा मोठी मैत्री मी पाहिलेली नाही.

कंपनी बंद पडली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीखाली वहिनींचं शिवणयंत्र, आणि खाली जिन्याच्या पोटात सुतळीरावांचं दुरुस्तीचं टेबल, असा त्यांचा संसार उरला. इमारतीला लिफ्ट नाही. मिक्सर, रेडिओ, रिमोटच्या गाड्या, जे येईल ते सुतळीराव उघडून बसत.

एक दिवस एक प्लंबर आला. एका हातात रिमोटची गाडी, दुसऱ्यात काड्यापेटीएवढा कॅमेरा. कोणाच्या तरी घराच्या फरशीखाली पाणी मुरत होतं आणि फरशी न फोडता बघायचं होतं. सुतळीरावांनी अंघोळीच्या स्पंजची चकती कापून कॅमेऱ्याखाली ठेवली, म्हणजे चित्र थरथरणार नाही. कॅमेऱ्याला वेगळी बॅटरी दिली, कारण मोटरनं जोर केला की चित्र विझत होतं. आणि हे सगळं वरून सुतळीनं बांधलं. त्यांचीच ती गाठ. गळती सापडली, बोलबाला झाला. पुढे एका बाईंना गच्चीवरच्या पत्र्याखाली मांजर व्यालीय का ते बघून हवं होतं. पाच पिल्लं निघाली. सुतळीराव आठवडाभर त्या पिल्लांबद्दलच बोलत होते.

आणि मग वहिनी जिन्यावरून पडल्या.

खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत धातूची पट्टी बसली. डॉक्टर तपासून म्हणाले, "हाड जुळलंय. पण बाईंनी भीती घेतलीय. महिन्याभरात उभ्या राहिल्या नाहीत, तर पुढे मनात आणलं तरी पाय साथ देणार नाहीत."

व्यायाम शिकवणारी मुलगी रोज यायची. चार पायांचा वॉकर खाटेजवळ उभा असायचा. वहिनी त्याच्यावर टॉवेल वाळत घालायच्या.

"वहिनी, निदान खिडकीपर्यंत तरी," मी म्हणायची.

"राणीसरकार, खिडकीत काय ठेवलंय? आणि खाली तरी माझी वाट कोण बघत बसलंय?"

हे सुतळीरावांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी एका जुन्या गाडीवर तसाच दुसरा कॅमेरा चढवला, वहिनींच्या उशाशी टॅब्लेट टेकवून ठेवला आणि स्वतः गाडी घेऊन रस्त्यावर उतरले. मी वर वहिनींपाशी बसले. चित्र आलं. चपला, बूट, सायकलची चाकं, एक कुत्र्याचं नाक.

"अहो," वहिनी फोनवर म्हणाल्या, "फिरायला नेताय की चपलांच्या दुकानात?"

"थांब जरा, उंची चुकली."

"राहू दे, राहू दे. तो कोण उभा आहे? बेकरीवाला ना? त्याच्या पँटची दुमड उसवलीय. सांगा त्याला."

सुतळीरावांनी सांगितलं. बेकरीवाल्यानं वाकून आपली पँट बघितली, मग गाडीकडे बघितलं आणि गाडीला सलाम ठोकला.

मग सुतळीरावांनी जुन्या छत्रीचा दांडा गाडीला बांधला आणि त्याच्या टोकाला कॅमेरा बसवला. गाडी पहिल्याच वळणाला आडवी झाली. त्यांनी जड बॅटरी अगदी तळाशी नेली, दोन्ही बाजूंना शिशाच्या पट्ट्या लावल्या, तेव्हा ती सावरली. आता माणसं कमरेपासून वर दिसू लागली. रोज चार वाजता गाडी निघायची. सुतळीराव दोन्ही हातांत रिमोट धरून मागून चालायचे. कोपऱ्यापर्यंत चित्र स्वच्छ, त्यापुढे नुसत्या मुंग्या. लोक थांबून वाकायचे, "काय काकू, कशा आहात?" असं कॅमेऱ्याला विचारायचे. लाँड्रीवालीनं तर नवा ब्लाउज दाखवून बाह्या कशा बसल्यात ते विचारून घेतलं.

वहिनी खुलल्या. जेवू लागल्या, लोकांची थट्टा करू लागल्या. आणि खाटेवरून उठायचं नाव काढेनात.

"उठू कशाला? सगळं घरबसल्या दिसतंय की!"

व्यायामवाली मुलगी वैतागली. "काका, तुम्हीच लाडावून ठेवलंत त्यांना. दहा दिवस राहिलेत."

त्या दिवशी मी जिन्याखाली गेले तर सुतळीराव टेबलावर हात ठेवून नुसते बसले होते. "ताई, मी तिला रस्ता दाखवून उठवायला गेलो, आणि खाट पक्की करून ठेवली."

"मग बंद करा गाडी."

"तुम्ही तिला हसताना बघता ना? मग तुम्हीच बंद करून दाखवा."

माझ्याच्यानंही ते झालं नसतं.

पुढची गोष्ट चार दिवसांनंतरची. मी पाव घेऊन त्यांचा जिना चढत होते. माझ्या गुडघ्यांना प्रत्येक मजल्यावर मध्यंतर लागतं, त्यामुळे मुख्य प्रवेश माझा हुकला. नंतर वहिनींनी तो मला इतक्या वेळा सांगितलाय, की मी समोर होते असंच आता मला वाटतं.

गाडी नेहमीसारखी निघाली होती. सुतळीराव फोन वर चार्जिंगला विसरून गेले होते. बेकरीसमोर बेकरीवाल्यानं काहीतरी विचारलं म्हणून त्यांनी मान वळवली, पण अंगठा रिमोटवरच राहिला. गाडी पुढे सुटली. छत्रीच्या दांड्याच्या गाठीचं मोकळं टोक लोंबत होतं, ते मागच्या चाकात गुंतलं आणि ओढलं गेलं. गाठ तिच्या धर्माला जागली. एका ओढीत सुटली. दांडा कॅमेऱ्यासकट रस्त्यावर पडला, गाडी हलकी होऊन सुसाट पळाली.

सुतळीरावांच्या डोळ्यांवर जवळचा चष्मा. लांबची गाडी त्यांना नुसता लाल ठिपका दिसत होती. ते रिमोटवरचा अंगठा तसाच दाबून त्या ठिपक्यामागे धावले आणि पायाजवळ पडलेला कॅमेरा ओलांडून गेले.

वर वहिनींना काय दिसलं? रस्ता आडवा झाला. मग चित्रात दोन पाय आले, मग एक पाठ. इतके दिवस सुतळीराव कॅमेऱ्याच्या मागे असायचे, त्यामुळे चित्रात कधी आलेच नव्हते. वाकलेली, एका खांद्याला उतरलेली पाठ. शर्टाची कॉलर मागून विरलेली. एक पाय फेंगडा टाकत म्हातारा माणूस लगबगीनं लांब लांब चालला होता, एकटाच. आणि चित्राच्या कडेनं लाँड्रीची गाडी उलटी मागे येत होती.

वहिनींनी हाका मारल्या. खाटेवरून खाली कुठे ऐकू जाणार? फोन लावला, तर तो शेजारच्या फळीवर वाजला.

मी दुसऱ्या मजल्यावर पोचले असेन. "अहोऽऽ!" अशी हाक आली. आमच्या कंपनीत शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा आवाज फक्त माझा, अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली. कशीबशी वर पोचले, दार नुसतं लोटलेलं होतं. आत टॉवेल जमिनीवर पडला होता. वॉकर अर्ध्या खोलीत सोडलेला. आणि वहिनी एका हातानं शिवणयंत्र, दुसऱ्यानं खिडकीचा गज धरून उभ्या होत्या.

मी त्यांच्या कमरेला हात घातला आणि खाली बघितलं. सुतळीरावांना हाक ऐकू गेली नव्हती, पण बेकरीवाल्याला गेली होती. तो त्यांचा दंड धरून वर बोट दाखवत होता. सुतळीरावांनी मान वर केली. रिमोट हातातून गळून पडला.

"अहो, कॅमेरा!" वहिनी ओरडत होत्या. "मागे बघा, कॅमेरा! लाँड्रीची गाडी!"

सुतळीराव मागे बघेनात. ते वरच बघत राहिले. लाँड्रीची गाडी कॅमेऱ्यावरून गेली. टॅब्लेटवर मुंग्या आल्या.

त्यांना तीन मजले चढून यायला किती वेळ लागला कोण जाणे. तोवर मी वहिनींना खुर्चीत बसवलं होतं. सुतळीराव दारात उभे राहिले, धाप लागलेली.

"गेला ना कॅमेरा?" वहिनी म्हणाल्या. "तीच गाठ मारली होती ना?"

"सवय गं."

"रोज पळणाऱ्या गाडीला कोणी सुटणारी गाठ मारतं? तो काय नाटकातला राजवाडा होता?"

"चुकलं."

मग वहिनी म्हणाल्या, "इकडे या. वळा. तिकडे तोंड करा."

ते वळले. वहिनींनी बसल्या बसल्या त्यांची कॉलर चाचपली. "इतके कधी वाकलात? मला कसं दिसलं नाही?"

सुतळीराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. म्हणाले, "पडद्यामागच्या माणसाकडे कोण बघतं?"

मी चहा ठेवायला आत गेले. असल्या प्रवेशात तिसऱ्या पात्रानं कधी निघून जावं, हे मला कळतं.

दुसऱ्या दिवशी वहिनी आपण होऊन वॉकर धरून सहा पावलं चालल्या आणि शिवणयंत्राशी बसल्या. आधी कॉलर उलटवून शिवली. मग जाड कापडाची, बटणाची एक पिशवी केली, नव्या कॅमेऱ्याच्या मापाची. "यात बसवायचा," त्यांनी बजावलं, "आणि सुतळी खिशातच राहू द्यायची." पुढे वहिनींना गाडी लागेना, म्हणून ती पिशवी आज प्लंबरच्या गाडीवर आहे, आणि प्लंबर सांगतो की चित्र पूर्वीपेक्षा कमी हलतं.

आणखी तीन आठवड्यांनी वहिनी पहिल्यांदा जिना उतरल्या. मी वरून बघत होते. डाव्या हाताला कठडा, उजव्या हातात काठी. सुतळीराव वाट मोकळी करायला दोन पायऱ्या पुढे निघाले, जन्मभराची सवय. वहिनी चौथ्या पायरीवर थांबल्या.

"दुखतंय का?" सुतळीरावांनी न वळता विचारलं.

"नाही. पुढे चालू नका. मला तुमची पाठ दिसते."

"मग काय करू?"

"शेजारी या."

जिना अरुंद आहे. दोन माणसं जेमतेम मावतात. सुतळीराव दोन पायऱ्या परत चढले, वहिनींच्या हातातली काठी आपल्याकडे घेतली, आणि तिच्या जागी आपला हात दिला.