दोन दारांचं न्हाणीघर

लेकीकडे इंग्लंडला आलो की मी रोज सकाळी तिच्या गावच्या वाचनालयात जातो. ही इमारत मुळात नगरपालिकेचं सार्वजनिक न्हाणीघर होती. दोन दारांवर दगडात कोरलेले ‘पुरुष’ आणि ‘स्त्रिया’ हे शब्द अजून तसेच आहेत. आत आता एकच दालन आहे, म्हणून मी बिनदिक्कत जवळच्या, म्हणजे बायकांच्या दारानं शिरायचो.

परवा शेजारच्या मार्गारेट आजींनी मला त्या दारातच गाठलं. “अहो, माझ्या आईनं तुम्हाला ओल्या टॉवेलनं बडवलं असतं!”

त्यांच्या लहानपणी घरात न्हाणी नव्हती. दर शनिवारी आई त्यांना इथे आणायची. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “नगरपालिका इमारत विकतेय. इथे फ्लॅट होतील. मग आईच्या दारानं मला कोण आत घेणार?”

नगरपालिका म्हटलं की मला पाणीपट्टी आणि तुंबलेली गटारं आठवतात. तिच्या इमारतीत कुणाची आई राहत असेल, हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

मी वळसा घालून पुरुषांच्या दारानं आत गेलो. आजी त्यांच्या दारानं आल्या. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी पुन्हा गाठ पडली, तेव्हा म्हणाल्या, “आता कसं!”