कामावर रेशीम चालत नाही

तुमच्या आईबाबांचं लग्न तुमच्या पणजीपाशी अडलं होतं. मुलगी चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरच्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात जाते, कंपनीच्या बसने वेळी-अवेळी घरी येते, ती सोवळं काय पाळणार? सोवळं म्हणजे रेशमी वस्त्र नेसून, कोणाला न शिवता देवाचा स्वयंपाक करणं. मलाही ते सासूबाईंच्या, म्हणजे तुमच्या पणजीच्या, मनासारखं कधी जमलं नाही.

नवरात्रात तिला फराळाला बोलावलं. शिफ्ट संपवून ती थेट आली. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात रेशमी लुगड्यात उभ्या होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला: सोवळ्याचं रेशीम आहे का तुझ्याकडे?

"आमच्या कामावर रेशीम चालत नाही, आजी. दारातूनच परत पाठवतात."

तुमच्या बाबांनी डोळे मिटून घेतले. मी फिजिक्सची पदवीधर, सावरायला धावले. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या की एकीवरचे इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात आणि वीज साठते, रेशमावर तर फारच, असं समजावलं. वर प्रयोग म्हणून प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासून कागदाच्या कपट्यांजवळ धरला. चेन्नईची दमट हवा आणि माझ्या डोक्यावरचं खोबरेल तेल. कपटे ढिम्म हलले नाहीत.

यात काय दिसलं, असं सासूबाईंनी विचारलं.

"दिसत नाही, आजी. म्हणून तर नियम," तुमची आई म्हणाली.

मग तिने सांगितलं की ही वीज आपल्याला जाणवतही नाही, पण तेवढ्यानेही एखादी नाजूक चिप मरते. म्हणून चपला बाहेर, अंगात वेगळा कोट, मनगटाला पट्टा आणि पट्ट्याची तार जमिनीशी जोडलेली. त्याआधी कशालाही हात लावायचा नाही.

सासूबाई दारातून एक पाऊल पुढे आल्या. "आणि साहेब शिवला तर?"

"साहेबालाही बाहेर काढतात."

"शिवलेल्या वस्तूचं काय करता?"

"बाजूला काढतो. परत वापरत नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की सोवळ्याविरुद्धचे इतक्या वर्षांचे माझे सगळे युक्तिवाद तिथेच संपले. मग तुमच्या बाबांना म्हणाल्या, "मुहूर्त बघ. हिला सोवळं कळतं."

तुमची आई प्रामाणिक. आपण देवाधर्माचं फारसं काही करत नाही, हे सांगायला तिने तोंड उघडलं. मी घाईघाईने तिच्या ताटात आणखी दोन साबुदाणा वडे वाढले आणि गरम आहेत तोवर खा म्हणाले.